दिवसा चालू ठेवायचा टेललाईट आणि बॅटरीचा हिशोब : प्रकल्प नोंदी

५ सप्टेंबर

काम नक्की काय आहे ते आधी लिहून ठेवतो म्हणजे मधेच भरकटणार नाही. भर उन्हात मागून येणाऱ्या गाडीवाल्याला लांबून दिसेल असा टेललाईट सायकलला कायम चालू ठेवायचाय, आणि राईड संपायच्या आत तो मंद पडता कामा नये. विझता कामा नये असं मुद्दाम लिहीत नाहीये, कारण खरी गोम मंद पडण्यातच आहे. विझलेला लाईट निदान उतरल्यावर कळतो, मंद झालेला कळतच नाही, तो आपल्या पाठीमागे असतो आणि आपण निवांत पॅडल मारत असतो.

रात्रीचा प्रश्न सोपा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांत कारच्या मागच्या साध्या दिव्याला किमान ४ कँडेला (उजेडाच्या जोराचं माप) पुरतात, पण ब्रेक लाईटला किमान ६० लागतात, कारण ब्रेक लाईट दिवसापण दिसायला हवा. म्हणजे पंधरा पट. डोक्यावर ऊन असताना रस्त्यावर १ लाख लक्सच्या (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) आसपास उजेड असतो, ढग असले तरी हजारोंच्या घरात, त्यात रात्रीसाठी बनवलेला बारकासा लाल ठिपका कुठे दिसणार. म्हणून मी माझ्यापुरतं माप ठरवलंय, दिवसाचा टेललाईट म्हणजे ब्रेक लाईटच्या तोडीचा, त्याच्या खालचा मोड दिवसा चालू असला काय नि नसला काय सारखंच.

आणि ल्युमेन बघून लाईट घेऊ नका हे पण इथेच लिहितो. ल्युमेन म्हणजे सगळ्या दिशांना मिळून किती उजेड बाहेर पडतो ते, कँडेला म्हणजे एका दिशेला किती जोरात जातो ते. मागच्या गाडीवाल्याच्या डोळ्यात जातो तो कँडेला. तेच ल्युमेन चांगल्या लेन्सने अरुंद झोतात आणले की कितीतरी लांबून दिसतात आणि बॅटरीला एक पैचा जास्त भार नाही. फक्त मग झोत नीट रोखावा लागतो, त्याचं पुढे.

८ सप्टेंबर

दोन लाईट हाताशी आहेत. एक लिथियम सेलवाला, यूएसबीने चार्ज होणारा, त्याला डे-फ्लॅश असा वेगळा मोड आहे आणि बॉक्सवर त्या मोडला १० तास लिहिलंय. दुसरा जुना, दोन ट्रिपल ए सेलवर चालणारा.

आज डे-फ्लॅश नक्की काय करतो ते बघितलं. नुसत्या डोळ्यांनी काही कळत नाही, त्यामुळे फोनवर स्लो मोशन २४० फ्रेमला लावून लाईटसमोर पांढरा कागद धरला आणि व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजत बसलो. एक फ्रेम म्हणजे साधारण ४ मिलिसेकंद. दर सेकंदाला उजेडाचे तीन झटके निघाले, दोन जवळजवळ आणि तिसरा जरा थांबून, प्रत्येक झटका १२ फ्रेमचा म्हणजे ५० मिलिसेकंद. २४० पैकी ३६ फ्रेममध्ये लाईट पेटलेला आणि बाकी सगळा वेळ बंद! म्हणजे फक्त १५ टक्के वेळ बॅटरी खर्च होते आणि तरी डोळ्याला वाटतं की केवढा सणसणीत आहे.

ह्याच्यामागे जुनं विज्ञान आहे. ब्रोका आणि सुल्झर ह्या दोघांनी १९०२ मध्ये दाखवलं होतं की ५० ते १०० मिलिसेकंदांच्या आसपासचा तेजस्वी झटका डोळ्याला तेवढ्याच तीव्रतेच्या सतत पेटलेल्या दिव्यापेक्षा जास्त प्रखर वाटतो. ज्याने हा लाईट बनवलाय त्याने बहुतेक विचार करूनच ५० ठेवलंय. मला हे फार आवडलं, सव्वाशे वर्षांपूर्वीची प्रयोगशाळेतली गोष्ट आज सीटपोस्टवर (सीटखालच्या दांड्यावर) लटकून बॅटरी वाचवतीये.

९ सप्टेंबर

आज रनटाईमची टेस्ट. लाईट फुल चार्ज करून डे-फ्लॅशवर सोडला, वर टेबलफॅन चालू ठेवला कारण राईडमध्ये वारा लागतो आणि लाल एलईडी गरम झाला की त्याचा उजेड बऱ्यापैकी उतरतो, बंद खोलीत ठेवून मोजलं तर लाईटवर अन्याय होईल. फोनचं लक्स मीटर फ्लॅशमध्ये वेड्यासारखे आकडे दाखवतं, म्हणून कॅमेऱ्याचा आयएसओ आणि शटर लॉक करून (म्हणजे कॅमेरा स्वतःहून उजेड कमीजास्त करणार नाही) दर अर्ध्या तासाने त्याच कागदाचा व्हिडिओ घेतला आणि सगळ्यात उजळ फ्रेम आधीच्या फ्रेमशेजारी ठेवून बघितली.

सहा तासांपर्यंत डोळ्याला काही फरक दिसला नाही. आणि सहा तासांनंतर लाईटने स्वतःच मोड बदलला, झटके तसेच पण उजेड एकदम खाली, कागदावर नुसती लालसर छटा. मग तो तसाच जगत राहिला, आणखी चार तास. झाले की नाही १० तास! बॉक्सवरचा आकडा खरा आहे, त्यात फसवाफसवी काही नाही, पण दिवसाच्या कामाचे तास फक्त सहा. टॉर्चसाठी जे एफएल १ नावाचं अमेरिकन स्टँडर्ड आहे त्यात तर रनटाईम म्हणजे सुरुवातीच्या उजेडाच्या १० टक्क्यांपर्यंत उतरायला लागलेला वेळ. रात्री चाचपडत घरी यायला १० टक्के पण देवासारखे असतात, दिवसा त्यांचा शून्य उपयोग.

यूएसबी मीटर लावून चार्जिंगमध्ये किती आत गेलं ते पण बघितलं. पूर्ण संपल्यावर ५२० एमएएच (मिलिअँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) गेले. परत एकदा सहा तासांवर थांबवून चार्ज केला तर ४३०. आतला चार्जर साध्या लिनिअर जातीचा दिसतोय, त्यात जेवढा करंट आत जातो जवळपास तेवढाच सेलमध्ये पोचतो त्यामुळे हे आकडे मी सेलचेच धरतोय. ४३० भागिले ६, म्हणजे सरासरी ७२ मिलिअँपिअर. १५ टक्के वेळ पेटलेला म्हणजे झटक्याच्या क्षणी साधारण ४८० मिलिअँपिअर घेत असणार. हाच उजेड स्टेडी, म्हणजे न लुकलुकता सतत पेटता ठेवला असता तर सेल तासाभरात खलास. आणि शेवटचे चार तास कशावर काढले तर उरलेल्या ९० एमएएचवर, सरासरी २२-२३ मिलिअँपिअर.

त्यामुळे बॅटरी वाचवायला खालचा मोड लावायचा ही जी सवय असते ती दिवसा उलटी पडते. झटक्याचा जोर कमी करून वाचवलेली बॅटरी ही न दिसण्यावर खर्च केलेली बॅटरी आहे. वाचवायचंच तर झटक्यांच्या मधला अंधार वाढवा, जोर तेवढाच ठेवा. किंवा सरळ राईड आधी चार्ज करा.

१४ सप्टेंबर

झोत रोखण्याचं काम. सायकल फरशीवर सरळ उभी केली, लाईट सीटपोस्टला रबराने जसा कंपनीने सांगितलाय तसा बसवला, मागे तीन मीटरवर भिंत. खोलीत अंधार करून लावला तर झोताचा मधला डाग भिंतीवर नाहीच, तो फरशीवर, लाईटपासून अडीच मीटरच्या जरा पुढे!

कारण साधं आहे. सीटपोस्ट मागे कललेला असतो, बऱ्याच रोड सायकलींना आडव्या रेषेशी साधारण ७३ अंश, त्यामुळे त्याच्या पाठीवर चपटा बसवलेला लाईट १७ अंश खाली बघतो. अरुंद झोताच्या लाईटला १७ अंश म्हणजे सगळा माल रस्त्याला अर्पण. मागच्या ड्रायव्हरला मिळते ती झोताची कड. काही लाईटच्या रबरी बुडाला हा कोन आधीच दिलेला असतो, ह्याला नाही.

मग जुन्या ट्यूबच्या तुकड्याची पाचर कापली, एका बाजूला जाड, दुसरीकडे पातळ, आणि लाईटच्या खालच्या कडेच्या मागे सारली, म्हणजे तोंड वर उचललं गेलं. भिंतीवर जमिनीपासून लाईट जितका उंच आहे तितक्याच उंचीवर पेन्सिलने रेघ मारली आणि डाग रेघेवर येईपर्यंत पाचर पुढेमागे. दहा मिनिटांचं काम आहे आणि बॅटरीतला एकही एमएएच न वाढवता समोरच्याला मिळणारा उजेड कित्येक पट झाला. बॅटरीच्या हिशोबातला सगळ्यात मोठा फायदा मला बॅटरीत नाही, ह्या पाचरीत मिळाला.

डावी-उजवीकडे पण बघा. जरा फिरला की झोत बाजूच्या झाडांना.

१५ सप्टेंबर

धाकट्या बहिणीला घेऊन सरळ मोकळ्या रस्त्यावर गेलो. ती तिची सायकल घेऊन मागे लांब थांबली, मी लाईट लावून पुढे जात राहिलो आणि फोन चालूच. पाचर काढून एकदा, लावून एकदा. पाचर नसताना तिचं म्हणणं, "दादा, लाईट चालू आहे का नक्की? मला तुझा टी-शर्ट दिसतोय, लाईट नाही." पाचर लावल्यावर म्हणाली, "आता लाईट आधी दिसतोय, तू नंतर." बास, हेच हवं होतं.

पण तिने अजून एक गोष्ट सांगितली ती मला जास्त महत्त्वाची वाटते. उघड्या उन्हात फरक आहे पण मी तसाही दिसतच होतो. झाडांच्या सावलीत शिरलो की मी गायब, तिथे फक्त लाईट. रस्त्यावर ऊन-सावलीचे पट्टे असले की माणसाची आकृती त्या पट्ट्यांत मोडून जाते, आणि उन्हातून सावलीत येणाऱ्या ड्रायव्हरचे डोळे त्या उजेडाला सरावायला थोडा वेळ घेतात. पुलाखाली, बोगद्याच्या तोंडाशी पण तेच. दिवसाच्या टेललाईटची खरी कमाई तिथे आहे.

आणि जिथे लाईट हरतो ते पण लिहायला हवं. संध्याकाळी आपण मावळत्या सूर्याकडे तोंड करून चाललोय आणि मागच्या ड्रायव्हरच्या डोळ्यात तोच सूर्य घुसतोय, तेव्हा बहिणीला सगळ्यात वरचा मोडसुद्धा जेमतेम दिसला. त्या अर्ध्या तासात त्या दिशेला जायचंच नाही, किंवा थांबायचं, हाच उपाय मला पटतो. लाईटवर सगळा भार टाकू नका.

अंतराचं गणित पण डोक्यात असू द्या, अंतर दुप्पट झालं की डोळ्यापर्यंत पोचणारा उजेड चौथा हिस्सा होतो. पण म्हणूनच कँडेला चौपट केले तर दिसण्याचं अंतर साधारण दुप्पटच होतं. अमुक लाईट दोन किलोमीटरवरून दिसतो वगैरे वाचून हुरळून जायचं कारण नाही, मला शे-दोनशे मीटरवरून ठळक दिसला तरी पुष्कळ, तेवढ्यात ड्रायव्हर आरामात बाजूला होतो.

२१ सप्टेंबर

बरेच जण विचारतात की दिवसा लाईटने अपघात खरंच कमी होतात का, का आपलं मनाचं समाधान. ह्यावर डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात २००४-०५ मध्ये झालेला प्रयोग आहे. ३,८४५ सायकलवाले घेतले, साधारण निम्म्यांच्या सायकलींना दिवसरात्र आपोआप चालणारे दिवे लावले आणि बाकीच्यांना नाही. दिवेवाल्यांमध्ये इजा झालेल्या अपघातांचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी निघालं, आणि दुसऱ्या कुणाशी धडक झाल्याच्या अपघातांत तर घट अजून ठळक होती. अपघातांची माहिती लोकांनी स्वतःच कळवलेली होती आणि आपल्याला दिवा आहे हे प्रत्येकाला माहीत होतं, त्यामुळे आकडा दगडावरची रेघ नाही. पण दिशा स्पष्ट आहे.

मला त्यात सगळ्यात भावलं ते दिव्याचं तंत्र. त्यात बॅटरी बदलायची भानगडच नव्हती! स्पोकवर चुंबक, फ्रेमवर कॉईलसकट दिवा, चाक फिरलं की चुंबक जवळून जातो आणि दिवा लुकलुकतो. विसरायला जागाच नाही. दिवसा लाईट लावण्यातली अडचण बहुतेक वेळा उजेडाची नसते, लावायला विसरण्याची आणि चार्जिंग संपण्याची असते, आणि तिथे हा उपाय मुळावरच बसतो. हब डायनॅमोवाल्यांचंही (चाकाच्या मध्यभागी वीज बनवणारं यंत्र) तसंच, ६ व्होल्ट ३ वॅटचा डायनॅमो असला की मागचा लाईट कायम चालू ठेवा, पायाला फारसं जाणवत नाही, आणि सिग्नलला थांबल्यावर आतला थोडी वीज साठवणारा कपॅसिटर काही मिनिटं मागचा लाईट तेवत ठेवतो. रोज ऑफिसला सायकलने जाणाऱ्याला मी आधी डायनॅमोच सुचवीन.

२७ सप्टेंबर

ट्रिपल एवाला लाईट. ह्यात एलईडीचा करंट स्थिर ठेवणारं ड्रायव्हर सर्किट वगैरे काही नाही, सेल आणि एलईडीच्या मधे करंट रोखणारा नुसता रेझिस्टर. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात. दोन नवे अल्कलाईन मिळून ३ व्होल्ट देतात म्हणून पहिल्या तासाला झकास पेटतो, मग सेलचा व्होल्टेज उताराला लागतो आणि त्याच्यामागे उजेड. पाय घसरतो तसा नाही, हळूहळू, म्हणूनच कळत नाही. तिसऱ्या तासाला शेजारी नव्या सेलवाला ठेवला असता तर लाज वाटली असती इतका फरक.

रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राईड सेल टाकले तर सुरुवात जरा खालून होते, कारण १.२ व्होल्टचा एक, पण मग तो तिथेच टिकून राहतो, सपाट. दिवसाच्या कामाला मला हा सपाटपणा हवा. कमी सेल्फ-डिस्चार्जवाले घ्या, नाहीतर कपाटात पडल्या पडल्या रिकामे होतात. एकच धोका, संपताना अचानक संपतात, आगाऊ सूचना नाही. त्यामुळे ह्यांना अंदाजाने नाही तर तासाने बदलायचं. दोन्ही सेल एकदम, जोडीनेच, एक भरलेला एक अर्धा असं कधी नाही, कमजोर सेल उलटा चार्ज होऊन कायमचा जातो.

आणि अल्कलाईन टाकून लाईट महिनोन्महिने डब्यात ठेवू नका, गळून पितळी पट्ट्या हिरव्या होतात.

२ ऑक्टोबर

चार्जिंगच्या कटकटी, एकेक.

लिथियमवाल्या लाईटला यूएसबी-सी पोर्ट आहे पण दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलने चार्जच होत नाही, जुन्या चपट्या टोकाच्या केबलने होतो. लाईट बिघडलेला नाही. सी पोर्टमध्ये ५.१ किलोओहमचे दोन छोटे रेझिस्टर असावे लागतात, ते बघून चार्जर करंट सोडतो, बऱ्याच स्वस्त वस्तूंत ते घातलेलेच नसतात. एक ए टू सी (एक टोक जुनं चपटं, दुसरं सी) केबल सायकलच्या बॅगेत कायमची टाकून ठेवली, विषय संपला.

दुसरी कटकट पॉवरबँकची. लाईट भरत आला की करंट इतका कमी घेतो की पॉवरबँकला वाटतं काही जोडलेलंच नाही, आणि तो बंद होतो. म्हणजे लांबच्या राईडला पॉवरबँकवर लावलेला लाईट भरलाच असेल असं समजू नये, बटण दाबून बघावं. काही पॉवरबँकांना कमी करंटचा वेगळा मोड असतो तो वापरावा.

लिथियम सेलला काय सोसतं काय नाही हे आता बऱ्यापैकी माहीत झालंय लोकांना, तरी लिहितो. पूर्ण रिकामा करून भरायची गरज नाही, उलट अर्ध्यावरून भरत राहिलं तर चार्जिंगची जास्त चक्रं टिकतो. साधारण ३०० ते ५०० पूर्ण चक्रांनंतर क्षमता ८० टक्क्यांच्या आसपास येते असं धरून चालायचं, म्हणजे माझे सहा तास तेव्हा पाचाच्या खाली असतील, आणि हे गृहीत धरूनच राईड आखायची. शून्याखालच्या थंडीत चार्ज करू नये, आत आणून जरा गरम होऊ द्यावा. आणि उन्हात उभ्या गाडीत लाईट विसरू नये, काळं प्लास्टिक आणि बंद काच, सेलचं आयुष्य तिथे सगळ्यात झपाट्याने संपतं.

६ ऑक्टोबर

पावसात भिजला. काही झालं नाही. घरी आल्यावर पोर्टचं रबरी झाकण उघडून वाळू दिलं आणि मगच चार्जिंग, ओल्या पोर्टला वीज दिली की पिना गंजतात.

११ ऑक्टोबर

ग्रुप राईडला मागचे लोक वैतागले आणि त्यांचं बरोबर होतं. मागे दोन मीटरवर बसलेल्याच्या डोळ्यात ब्रेक लाईटच्या तोडीचे झटके मारणं बरं नाही. आता ठरलंय असं की ग्रुपमध्ये फक्त शेवटच्याचा डे-फ्लॅश चालू, बाकीच्यांचा मंद स्टेडी किंवा बंद, आणि शेवटचा बदलला की बदलणाऱ्याने बटण दाबायचं.

तिन्हीसांजेला पण डे-फ्लॅश बंद करायचा. उजेड उतरला की तोच झटका डोळे दिपवतो, आणि नुसत्या लुकलुकणाऱ्या ठिपक्यावरून ड्रायव्हरला अंतर नीट कळत नाही. तेव्हा स्टेडी, किंवा दोन लाईट, एक स्टेडी एक फ्लॅश. नियम पण जागोजागी वेगळे आहेत, ब्रिटनमध्ये २००५ पासून सायकलला फ्लॅश चालतो पण मिनिटाला ६० ते २४० झटक्यांमध्येच, जर्मनीत सायकलवर लुकलुकणारा दिवा चालतच नाही. जिथे चालवताय तिथलं बघून घ्या.

१९ ऑक्टोबर

सध्या बसलेली घडी अशी. लिथियमवाला सीटपोस्टवर, पाचरीसकट, डे-फ्लॅश. चार तासांच्या आतली राईड असेल तर आल्यावर चार्जिंगला, लगेच, हेल्मेट ठेवतो त्याच जागी केबल लोंबकळत ठेवलीये. चार तासांच्या वर असेल तर ट्रिपल एवाला पण चेनस्टेवर (मागच्या चाकाशेजारच्या फ्रेमच्या खालच्या नळीवर), निघताना बंद, आणि मधल्या चहाच्या थांब्याला तो चालू करून पहिला पॉवरबँकवर. चेनस्टेवर लावताना चाकाआड जात नाही ना, आणि बॅग लावली तर झाकत नाही ना, ते मागे दहा पावलं जाऊन बघितलं. सहा तासांच्या लाईटला चारच तास धरतो कारण इंडिकेटरवर माझा विश्वास नाही, तो हिरवा हिरवा म्हणत राहतो आणि लाल होतो तो मोड उतरायच्या जेमतेम आधी, ते पण उतरून वाकून बघितलं तर.

बहिणीच्या लाईटची पण हीच टेस्ट लावलीये आत्ता, टेबलफॅनसमोर. तिच्या बॉक्सवर १५ तास आहेत. तिसऱ्या तासाचा व्हिडिओ घेतलाय, पहिल्या फ्रेमपेक्षा कागद स्पष्ट काळपट दिसतोय, तिला म्हटलं तुझा सेल जुना झालाय बहुतेक, तर म्हणाली, "मग उद्या तुझा दे, तू घरीच बस."